पंचगंगा किती फुटांवर, आणि किती मिलिग्रॅमवर?

जुलैत संततधार लागली की कोल्हापुरात एकच प्रश्न तोंडोतोंडी असतो : ‘पाणी किती फुटांवर?’ चहाच्या गाड्यावर, स्टँडवर, दूध घालायला आलेल्या माणसाशी, परगावच्या पाहुण्याच्या फोनवरही. उत्तर राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीत असतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या महापुरात पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेली, २०२१ मध्ये त्याही वर. हे आकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. चिखली-आंबेवाडीच्या लोकांनी जनावरं कधी हलवायची, शिरोलीजवळ महामार्ग बंद होईल का, हे सगळं त्या फुटांवरून ठरतं.

याच नदीचा दुसरा एक आकडा आहे. तो एप्रिल-मेमध्ये विचारायला हवा आणि तेव्हा तो कुणी विचारत नाही : पंचगंगेच्या एक लिटर पाण्यात आज किती मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला आहे?

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आणि त्यांच्या पोटातली १६९ लक्ष्यं मंजूर केली. सहावं उद्दिष्ट पाण्याचं आहे. प्रक्रियेविना सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचं प्रमाण २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचं, असं त्यातलं एक लक्ष्य सांगतं. सुधारणा झाली की नाही हे ओळखायला नदी-तलावांच्या पाण्याची मुख्यतः पाच मोजमापं घेतली जातात : विरघळलेला प्राणवायू, विद्युतवाहकता, सामू, नत्र आणि स्फुरद. यातला प्राणवायू सोडला तर उरलेले चारही शब्द करवीर-शिरोळच्या ऊस उत्पादकाला माती परीक्षणाच्या अहवालामुळे ओळखीचे आहेत. न्यूयॉर्कमध्ये ठरलेल्या गोष्टीची भाषा आपल्या शेताच्या बांधावर आधीच पोचलेली आहे. तीच भाषा नदीसाठी वापरायचं मात्र राहून गेलं.

प्राणवायूचाच आग्रह का? २५ अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. मासे तेवढ्यावर जगतात. तो चार-पाचच्या खाली गेला की त्यांची तगमग सुरू होते. शहराचं मैलापाणी नदीत आलं की त्यातल्या सेंद्रिय पदार्थांवर जिवाणू तुटून पडतात आणि ते पचवताना हाच प्राणवायू वापरतात. अभियंते हिशेबासाठी माणशी दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्राणवायूची मागणी धरतात. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती. गुणाकार केला तर रोजची मागणी २५ टनांच्या आसपास जाते. हे सगळं मैलापाणी जसंच्या तसं सोडलं, तर रोज तीनशे कोटी लिटर स्वच्छ पाण्यातला प्राणवायू संपेल. उन्हाळ्यात पंचगंगेत एवढं वाहतं पाणी आणायचं कुठून?

उन्हाळ्यात तर पाणी वाहतही नाही, थांबलेलं असतं. महाराष्ट्रभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून ओळखली जाणारी रचना या भूमीचं मोठं देणं आहे. दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालायचे, पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढून पुराला वाट द्यायची. या बंधाऱ्यांनी ऊस जगवला, गावं जगवली. पण खळाळतं पाणी हवेतून प्राणवायू भराभर घेतं आणि थांबलेलं पाणी सावकाश, हाही निसर्गनियमच. त्यात नत्र-स्फुरदावर पोसलेली जलपर्णी पसरली की पाण्याला हवाही लागत नाही आणि ऊनही. मग नदीच्या खालच्या अंगाला तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच दिसतो. आपण दोन दिवस हळहळतो आणि विसरतो. इचलकरंजीला मात्र विसरता येत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथं दूषित पाण्यातून काविळीची साथ आली आणि माणसं दगावली.

कोल्हापूरनं काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. शहराचं मैलापाणी नदीकडे आणणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी उपसा केंद्रातून उचलून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात नेलं जातं. त्या केंद्राची क्षमता रोज ७६ दशलक्ष लिटर आहे, दुधाळीच्या केंद्राची १७ दशलक्ष लिटर. तिथं चालतं ते नदीतलंच काम, फक्त टाकीत आणि झपाट्यानं. पंख्यांनी हवा सोडायची, जिवाणूंना मुबलक प्राणवायू द्यायचा, त्यांनी घाण खाऊन वाढायचं, त्यांचे पुंजके तळाशी बसले की वरचं निवळ पाणी सोडायचं. नदीनं जो प्राणवायू गमावला असता तो आपण विजेच्या बिलातून भरतो. म्हणूनच वीज गेली, पंप बिघडला किंवा मोठी सर आली की नाला ओसंडतो आणि सगळं पाणी सरळ नदीत जातं.

अलीकडे या हिशेबात एक मोठी भर पडली आहे. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातलं दूधगंगेचं पाणी सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाइपलाइननं कोल्हापूरच्या पुईखडीला आलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वाट पाहिली, ते घडलं. प्रत्येक घराला स्वच्छ पाणी हेही सहाव्या उद्दिष्टातलंच लक्ष्य. पण घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी मोरीतून आणि संडासातून बाहेर पडतं, असं अभियंते धरून चालतात. म्हणजे शेजारच्या खोऱ्यातून आणलेलं नितळ पाणी आपण वापरून पंचगंगेच्या हवाली करतो, आणि ते खालच्या अंगाला इचलकरंजी, शिरोळ, नृसिंहवाडीकडे जातं. आपल्या नळाचा आनंद खालच्या गावाला भोवता कामा नये. नळजोडण्यांइतक्याच ड्रेनेजच्या जोडण्याही मोजल्या पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

हे जमेल का? जमेल, कारण या शहरानं याहून अवघड गोष्ट करून दाखवली आहे. गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी पंचगंगा घाटावर जाऊन बघा. काठावर पाण्यानं भरलेल्या मोठमोठ्या काहिली मांडलेल्या असतात, ज्यांत गुऱ्हाळावर उसाचा रस आटवतात त्याच. गुऱ्हाळांचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो. भाद्रपदात काहिली रिकाम्या असतात. घरचा गणपती आरती करून काहिलीत सोडायचा, निर्माल्य वेगळं द्यायचं. मग महापालिकेच्या गाड्या मूर्ती इराणी खणीकडे, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या खाणीकडे, विसर्जनाला नेतात. श्रद्धेचा प्रश्न, पिढ्यांची सवय, सुरुवातीचा विरोध, सगळं होतं. तरी हजारो घरांनी बदल स्वीकारला. विज्ञान चळवळीच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं घाटावर उभं राहून हात जोडले, त्याचं हे फळ.

खणीनं सगळं सुटलं असंही नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून पाणी काढलेला जिप्सम. पाणी मिळालं की तो पुन्हा जिप्सम होतो, आणि जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळतो. शाडूत असा बदलच होत नाही, त्याचे कण पाण्यात सुटे होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं प्लास्टरवर उपाय काढला : अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की ती फुटते, खाली कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि वर अमोनियम सल्फेटचं द्रावण उरतं. ते खत म्हणून चालतं. उसाच्या जिल्ह्याला याहून सोयीचं काय असणार?

काहिलीचं यश मला यासाठी मोलाचं वाटतं की ती आपल्या अंगणातली वस्तू होती. न्यूयॉर्क शहरानं २०१८ मध्ये शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांवरचा आपला स्थानिक आढावा जगापुढे ठेवला, भारतात भोपाळनं २०२३ मध्ये. महाराष्ट्रानं २०२० मध्ये ‘माझी वसुंधरा’ अभियानाची भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांत विभागणी केली. हे सगळं हवंच. पण विसर्जन वर्षातून एकदा येतं आणि डोळ्यांसमोर होतं. मैलापाणी रोज जातं आणि दिसत नाही. ते दिसायला लागेल असं काहीतरी हवं.

प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याचे नमुने घेतं, अहवालही निघतात. माझं मागणं त्यापुढचं आहे : राजाराम बंधाऱ्यावर पावसाळ्यात जसे फूट जाहीर होतात, तसा उन्हाळ्यात रोज प्राणवायूचा आकडा जाहीर व्हावा. हा बंधारा जयंती नाल्याच्या खालच्या अंगाला आहे, म्हणजे मोजायला नेमकी जागा. आठ, सहा, चार, दोन. चारच्या खाली गेला की धोका पातळी. मग चहाच्या गाड्यावर विचारलं जाईल, ‘आज किती?’, आणि उत्तर दोन आलं तर महापालिकेच्या दारात माणसं जातील.

प्राणवायू मोजणारं यंत्र बंधाऱ्यावर येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विंकलर पद्धत वर्षानुवर्षं शिकवली जाते. बंधाऱ्यावरून बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे थेंब सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असला की तपकिरी साका धरतो, जितका जास्त तितका गडद. प्राणवायू नसला की साका पांढराच राहतो.