कॅराव्हॅनला रिव्हर्स कॅमेरा बसवायचाय? दुकानात जाण्याआधी हे वाचा

"येऊ द्या, येऊ द्या... अजून येऊ द्या... बस बस बस!"

आपल्याकडचा सगळ्यात जुना रिव्हर्स कॅमेरा म्हणजे हा आवाज. मागं एक माणूस उभा राहतो, गाडीवर दोन थापा मारतो आणि ड्रायव्हर त्याच्या भरवशावर गाडी मागं घेतो. पण हा माणूस जागेवर नसेल तर?

आता हा विषय कुठून आला? २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेलं चाकावरचं घर. तेव्हापासून मोठी व्हॅन किंवा मिनीबस घेऊन ती अशी तयार करून घ्यावी, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. समजा, अशी गाडी घेऊन तुम्ही वर्ध्याहून आर्वी रोडला लागलात आणि आंजी (मोठी) इथं कुणाकडं मुक्कामाला थांबलात. गाडी अंगणात घ्यायची आहे. गल्ली अरुंद, कडेला बैलगाडी, आणि नवी गाडी दिसली म्हणून गावातली पोट्टी मागं जमलेली.

खरा धोका इथं आहे.

मागचं दिसत का नाही?

कारला आत आरसा असतो आणि मागं काच असते. कॅराव्हॅनमध्ये मागच्या बाजूला बेड, कपाट नाहीतर बाथरूम येतं. त्यामुळं आतला आरसा कामाचा राहत नाही. बाजूच्या आरशांत गाडीच्या दोन्ही कडा दिसतात, पण बरोबर मागचा पट्टा दिसत नाही. त्या पट्ट्यात दोन-तीन वर्षांचं लेकरू बसलेलं असेल, तर ड्रायव्हर कितीही सावध असला तरी त्याला ते दिसणार नाही.

अमेरिकेत २००२ साली नेमकं हेच घडलं. कॅमेरॉन गुलब्रान्सन हा दोन वर्षांचा मुलगा घराच्या आवारातच वडिलांच्या गाडीखाली आला. वडील गाडी मागं घेत होते. पुढं त्याच्या नावानं कायदा झाला आणि २०१८ पासून तिथं प्रत्येक नव्या कारला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारना रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. पण जुन्या गाडीवर बांधलेल्या कॅराव्हॅनमध्ये ते असतीलच असं नाही. त्यात सेन्सर फक्त टीटी वाजवतो. मागं भिंत आहे की लेकरू, हे त्याला सांगता येत नाही.

कॅमेरा निवडताना काय बघायचं?

पहिलं म्हणजे व्होल्टेज. व्हॅनला साधारण १२ व्होल्टची सिस्टिम असते, मोठ्या बस-ट्रकला २४ व्होल्टची. १२ चा कॅमेरा २४ वर जोडला तर तो जळतो.

दुसरं, वायरचा की वायरलेस? वायरलेसला खर्च आणि खटपट कमी, म्हणून मोह होतो. पण गाडी लांब आणि बॉडी लोखंडी असेल तर सिग्नल अडतो. स्वस्त वायरलेस कॅमेऱ्याचं चित्र वाय-फायमुळंही थरथरतं. कॅराव्हॅन बांधली जात असतानाच वायर टाकून घेता आली, तर वायरवाला कॅमेराच घ्या.

तिसरं, धूळ आणि पाणी. कॅमेऱ्यावर 'आयपी' रेटिंग लिहिलेलं असतं. ६७ किंवा त्याहून जास्त बघा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. मॉनिटर किती तापमान सहन करतो तेही विचारा. वर्ध्याच्या मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या पुढं जातो, मग उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचा विचार करा.

चौथं, कोन. १२० ते १५० अंश पुरेसे आहेत. कोन जितका मोठा, तितकी वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. म्हणून १७० लिहिलंय म्हणजे भारी, असं काही नाही.

बसवायचा कुठं आणि कसा?

मागं वर, मधोमध. पण तोंड खाली हवं. स्क्रीनच्या खालच्या कडेला आपला बंपर दिसलाच पाहिजे. याचं साधं गणित आहे. कॅमेरा अडीच मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या नजरेची खालची कड सरळ खाली न येता ३० अंश मागं झुकली आहे, तर कॅमेऱ्याखालची जवळजवळ दीड मीटर जमीन दिसतच नाही. म्हणजे ज्या जागेसाठी कॅमेरा घेतला, तीच जागा सुटली.

भोक पाडण्याआधी पॅनलच्या मागं काय आहे ते बघा. कॅराव्हॅनच्या भिंतीत गॅसची नळी, पाण्याचा पाइप, २३० व्होल्टची वायर असू शकते. भोकात रबरी ग्रोमेट घाला, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. वरून सिलिकॉन लावा. वायर आत जाण्याआधी तिला खाली थोडा झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत न जाता तिथूनच खाली गळेल.

करंट बहुतेक वेळा रिव्हर्स लाइटच्या वायरवरून घेतात, म्हणजे रिव्हर्स गिअर टाकला की कॅमेरा चालू. मध्ये छोटा फ्यूज हवाच. बॉडी फायबरची असेल तर अर्थिंग बॉडीतून मिळत नाही, वेगळी वायर ओढावी लागते. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

बसवून झाला, आता तपासायचं काय?

आधी डावं-उजवं. गाडीच्या डाव्या बाजूला माणूस उभा करा. तो स्क्रीनवरही डावीकडंच दिसला पाहिजे. उलटा दिसला तर 'मिरर' सेटिंग बदला.

मग अंतर. स्क्रीनवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा बऱ्याचदा कारच्या उंचीचा अंदाज धरून दिलेल्या असतात. उंच गाडीवर त्या चुकतात. बंपरपासून १, २ आणि ३ मीटरवर जमिनीवर खडूनं रेघा मारा आणि स्क्रीनवर त्या कुठं येतात ते बघून घ्या. शेवटी मागं बंपरला लागून एक बादली ठेवा. ती दिसली तर खाली बसलेलं लेकरूही दिसेल. हीच तपासणी रात्री पुन्हा करा.

एवढं करूनही कॅमेऱ्याला मर्यादा आहेत. काचेवर चिखल उडाला की चित्र गेलं. आणि बाजूनं पळत येणारं मूल तो ऐनवेळीच दाखवतो. त्यामुळं काच पुसायचं फडकं गाडीत ठेवा, मागं घेण्याआधी खाली उतरून एक चक्कर मारा आणि पोरं एका जागी, ड्रायव्हरला दिसतील अशी उभी करा. त्यानंतरच रिव्हर्स गिअर.