ऑर्किडला हवा वाफसा!

प्रमोशन, फेअरवेल, नव्या फ्लॅटची वास्तुशांत... हल्ली पेढ्यांच्या बॉक्ससोबत सेलोफेनमध्ये गुंडाळलेला ऑर्किडही येतो. दोन-अडीच महिने फुलं मस्त टिकतात. खरी परीक्षा त्यानंतर!

माझ्या मैत्रिणीचंच घ्या. पुण्यातला जॉब सोडून ती बारामती एमआयडीसीत रुजू झाली, सासर इंदापूर तालुक्यात. जुन्या टीमने निरोपाला जांभळा ऑर्किड दिलेला. सासूबाई तुळशीबरोबर त्यालाही रोज तांब्याभर पाणी घालायच्या. पानं सुरकुतली, तसा तांब्याचा दीड तांब्या झाला. ‘‘पुण्याची एवढीच आठवण उरलीय गं,’’ ती फोनवर म्हणाली आणि मी एसटी पकडली.

आता गंमत बघा. पान सुरकुतलं की आपण म्हणतो, तहान लागली. ऑर्किडमध्ये अनेकदा उलटं असतं. जास्त पाण्याने मुळं कुजतात, मग कुंडी ओली असूनही पान तहानलेलंच! कारण हा फॅलेनॉप्सिस, म्हणजे मॉथ ऑर्किड, मूळचा आग्नेय आशियाच्या जंगलातला, झाडाच्या खोडावर राहणारा. मुळं पावसात भिजणार, वाऱ्यावर वाळणार. सह्याद्रीतली सीतेची वेणी याच कुळातली. (तिला उगाच बांडगूळ म्हणतात. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, ही बिचारी नुसती बसायला जागा मागते.)

माझं हे लेक्चर मैत्रिणीच्या सासऱ्यांनी दोन शब्दांत संपवलं, ‘‘वाफसा नाही.’’ नीरा डाव्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या माणसाला, पाणी साचलं की मुळं गुदमरतात, हे मी काय सांगणार?

कुंडी उपडी केली. चांगलं मूळ टणक असतं. कोरडं असताना चंदेरी, भिजलं की हिरवट. तपकिरी, लिबलिबीत मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने छाटली. उरली फक्त चार! कापलेल्या टोकांवर दालचिनीची पूड लावली. ती फक्त जखमेवरच लावायची, चांगल्या मुळांना सुकवते. मातीला पूर्ण सुट्टी. भरपूर भोकांच्या कुंडीत नारळाच्या सालीचे धुतलेले तुकडे आणि लाकडी कोळसा भरला. मग चार दिवस पाणी बंद. सासूबाईंना हेच सगळ्यात जड गेलं.

इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्यामुळे पावसाचं किंवा आरओचं पाणी बरं. एसीतून ठिबकणारंही चालतं. आरओच्या नळीतून वाया जाणारं मात्र नको, त्यात क्षार जास्तच. पाणी सकाळीच द्यायचं, तेही मुळं चंदेरी दिसली आणि कुंडी हाताला हलकी लागली तरच. पानांच्या बेचक्यात थेंब राहिले तर टिपून घ्यायचे. जागा पूर्वेच्या खिडकीची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा कुंडीखाली ओल्या खड्यांचा ट्रे ठेवायचा.

दीड महिन्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, खालच्या पानापाशी हिरव्या टोकाचं नवं मूळ!

फुलांची घाई नको. काही आठवडे रात्री गार मिळाल्या की फॅलेनॉप्सिसला दांडा फुटतो, आणि इंदापूरची थंडी त्याला पुरेशी आहे. पण झाड अजून अशक्त असताना दांडा आलाच, तर तो खुडायचा. आधी मुळं आणि पानं भरू द्यायची, फुलं पुढच्या हिवाळ्यात.