रोव्हर्स चषक : कूपरेजवरची बाद फेरी

रोव्हर्स चषक ही मुंबईत 1891 साली सुरू झालेली बाद पद्धतीची फुटबॉल स्पर्धा. सिमल्यात जन्मलेला ड्युरँड चषक (1888) तिच्याहून तीन वर्षांनी थोरला, तर कोलकात्याची आयएफए शील्ड (1893) दोन वर्षांनी धाकटी. पुढची शंभर वर्षे भारतातल्या संघांची योग्यता याच तीन स्पर्धांवर ठरत गेली. ब्राझीलचा राष्ट्रीय चषक, ‘कोपा दो ब्राझील’, 1989 मध्ये सुरू झाला तेव्हा रोव्हर्स शंभरीच्या उंबरठ्यावर होता.

पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला आणि पुढची साडेचार दशके तो गोऱ्या पलटणींकडेच राहिला. 1923 मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानने अंतिम फेरी गाठली, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीपुढे त्यांचा पराभव झाला. ही कोंडी 1937 मध्ये बंगळूर मुस्लिम्सने फोडली. कोलकात्यात दबदबा असलेल्या मोहमेडन स्पोर्टिंगला हरवून चषक जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. पुढच्या वर्षीही चषक त्यांनीच राखला. ड्युरँड चषक भारतीय संघाच्या हाती यायला 1940 उजाडले. या बाबतीत मुंबईची स्पर्धा पुढे होती आणि हा मान तिला क्वचितच दिला जातो.

स्पर्धेचा सर्वांत देखणा काळ हैदराबाद सिटी पोलिसांचा. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे त्यांनी चषक जिंकला. बाद फेरीत एक वाईट दुपार अख्ख्या हंगामावर पाणी फिरवते. साखळी स्पर्धेसारखी नंतर भरपाई करण्याची सोय नसते. अशा स्पर्धेत पाच वर्षे न हरणे ही भारतीय फुटबॉलमधली अतिशय मोठी कामगिरी मानायला हवी. त्यामागे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम होते. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मात्र मुंबईचा.

1958 मध्ये कॅल्टेक्स या मुंबईच्याच कंपनी संघाने चषक जिंकला. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र असे कंपन्यांचे आणि गिरण्यांचे संघ हा शहरातल्या फुटबॉलचा कणा होता. खेळाडूला नोकरी मिळे, कंपनीला नाव. सामने ओव्हल मैदानाजवळच्या कूपरेजवर होत. त्यामुळे कल्याणपलीकडच्या अंबरनाथ, बदलापूर, वांगणीच्या फुटबॉलवेड्याला देशातले नामवंत संघ पाहायचे तर लोकलने व्हीटी गाठावी लागे.

चषक स्पर्धेची खरी ताकद मात्र अशा आडबाजूच्या गावांतच दिसते. ब्राझीलमध्ये राज्य पातळीवरच्या स्पर्धांतून लहान क्लबांनाही राष्ट्रीय चषकाचे दार उघडते. साओ पाउलोला खेटून असलेल्या सांतो आंद्रे या कारखान्यांच्या शहराच्या क्लबने 2004 मध्ये फ्लामेंगोला रिओच्या माराकाना मैदानावर हरवून चषक नेला. विजेत्याला कोपा लिबर्तादोरेस या खंडीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो, म्हणून बडे क्लबही चषकाकडे पाठ फिरवत नाहीत.

रोव्हर्सच्या विजेत्यापुढे अशी पायरी नव्हती. 1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि क्लबांचे वेळापत्रक व पैसा तिच्याभोवती फिरू लागले. गोव्याचे धेंपो आणि साळगावकर, कोलकात्याचे ईस्ट बंगाल यांनीही मिरवलेला हा चषक हळूहळू मागे पडला. 2000-01 च्या हंगामात मोहन बागानने चर्चिल ब्रदर्सला हरवून तो चौदाव्यांदा जिंकला. इतक्या वेळा तो दुसऱ्या कोणत्याही संघाने जिंकलेला नाही. ती स्पर्धा शेवटची ठरली. ड्युरँड चषक आजही खेळला जातो.