हेडरच्या आधीची एक ओळ

बोलीभाषेतले शब्द टिपून ठेवण्याचा मला जुना नाद. ते अकारविल्हे लावायला मी पुस्तकावरून सी भाषा शिकलो आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ३२ बिटी संगणकावर तो वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला. ६४ बिटी लिनक्स यंत्रावर पुन्हा कंपाइल केला, तर पहिल्याच यादीला कोसळला. प्रोग्रॅममधले एक अक्षरही बदललेले नव्हते.

दोष सापडला तो ‘स्ट्रडप’ या फंक्शनपाशी. ते मजकुराची प्रत काढून तिचा मेमरीतला पत्ता परत देते. युनिक्समध्ये ते आहे, पण सी भाषेच्या १९९९ च्या मानकात नाही. मी कंपाइलरला नेमके तेच मानक काटेकोर पाळायला सांगितले होते, म्हणून हेडर फाइलने स्ट्रडपची घोषणा झाकून ठेवली.

या झाकण्यामागे कारण आहे. सी मानकात नसलेली ‘रीड’सारखी नावे प्रोग्रॅमरला स्वतःच्या फंक्शनला देता येतात. प्रणालीने ती आधीच अडवली, तर टक्कर होईल.

घोषणा न दिसल्याने कंपाइलरने जुन्या रिवाजाप्रमाणे धरले, की हे फंक्शन पूर्णांक परत देते. त्याने इशाराही दिला होता. मी तो वाचला नाही. ३२ बिटी यंत्रावर पूर्णांक आणि पत्ता दोन्ही ४ बाइटचे, म्हणून निभावले. ६४ बिटी यंत्रावर पत्ता ८ बाइटचा. त्याचा अर्धा भाग छाटला गेला.

उपाय एका ओळीचा: ‘पॉझिक्स सी सोर्स’ या मॅक्रोला २००८०९ ही किंमत द्यायची. हा आकडा म्हणजे सप्टेंबर २००८. त्या वर्षीचे पॉझिक्स मानक मला हवे, एवढेच ती ओळ सांगते. मात्र ती पहिल्या हेडरच्या आधी हवी. काय उघडायचे आणि काय झाकायचे, हे लिनक्सवर पहिले हेडर आत येतानाच ठरते. नंतरची व्याख्या वाया जाते.

‘ग्नू सोर्स’ हा मॅक्रो जवळजवळ सगळेच उघडतो. पण त्यामुळे लिनक्सपुरत्या सोयी नकळत वापरल्या जातात आणि प्रोग्रॅम दुसऱ्या युनिक्सवर अडतो. गरजेपुरते मानक मागावे, हे बरे.

२०२४ मध्ये आलेला जीसीसी १४ अशी चूक इशाऱ्यावर सोडत नाही, कंपाइल करायलाच नकार देतो. माझ्या वेळी तो असता, तर तीन रात्री वाचल्या असत्या.