पुण्यवर्मा कोणाचे नाव?

वत्सगुल्माच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या, वाकाटक राजांची नावे बहुतेक ‘सेन’ या पदाने संपतात : सर्वसेन, देवसेन, हरिषेण. दण्डीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या आठव्या उच्छ्वासात मात्र विदर्भाचा राजा आहे पुण्यवर्मा आणि त्याचा राज्य घालवणारा मुलगा अनंतवर्मा. हा पुण्यवर्मा म्हणजेच हरिषेण, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले.

तसे असेल, तर दण्डीने नावे का बदलली? नुसती लपवायची असती, तर कोणतीही चालली असती. त्याने ती स्वभाव पाहून ठेवली. सदाचारी बाप ‘पुण्य’वर्मा. राजनीती शिकवू पाहणारा वृद्ध मंत्री वसुरक्षित, धन राखणारा. त्या शिकवणीची टिंगल करून राजाला चैनीकडे वळवणारा खुशमस्कऱ्या विहारभद्र. हे तर बारशालाच भविष्य सांगितल्यासारखे!

इथेच इतिहासाची पंचाईत होते. असे नाव गुण सांगते, माणूस सांगत नाही. मिराशींचे मत घटनांच्या साम्यावर उभे आहे, नावाचा त्याला आधार नाही. मला ते पटते. पण हरिषेणाच्या मुलाचे नाव कोरीव लेखांत सापडलेले नाही, म्हणून त्या जागी ‘अनंतवर्मा’ लिहू नये. ते नाव दण्डीचे आहे.