जुन्या पिकअपचे स्टिअरिंग का भरकटते?

अमेरिकेत १९५० ते १९७५ या काळातल्या पिकअप गाड्या हौसेने जतन करणारे पुष्कळ लोक आहेत. पुढे चालकाची केबिन आणि मागे माल टाकायला उघडा हौदा, अशी ही गाडी. १९५३ साली आलेली फोर्डची एफ-१०० आणि १९६७ ते १९७२ या काळातली शेव्हरोलेची सी-१० या त्यांतल्या विशेष आवडत्या. या गाड्यांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते : स्टिअरिंग ढिले आहे आणि गाडी सरळ रस्त्यावरही भरकटते. यावर बरेचदा सुचतो तो उपाय म्हणजे स्टिअरिंगच्या पेटीवरचा स्क्रू आवळणे. हा उपाय सर्वांत सोपा असला तरी तो सर्वांत शेवटी करायचा असतो. आधी केला तर गाडी जास्तच भरकटू शकते. असे का होते, ते आपण पाहू. त्यासाठी पिकअप हवी असे नाही, सायकल पुरेल.

तक्रार एक, दोष दोन

‘ढिलेपणा’ आणि ‘भरकटणे’ हे शब्द एका दमात उच्चारले जातात, पण ते दोन वेगळे दोष आहेत. स्टिअरिंग व्हील थोडे फिरवले तरी पुढची चाके हलतच नाहीत, हा ढिलेपणा. मेकॅनिक त्याला ‘प्ले’ म्हणतात. रस्त्यातल्या खाचखळग्याने चाके किंचित वळली आणि ती आपोआप सरळ झाली नाहीत, तर गाडी भरकटते. प्ले असेल तर गाडी भरकटतेच. पण प्ले अजिबात नसतानाही ती भरकटू शकते.

प्ले किती असला की काळजी करावी? एक साधे गणित करू. स्टिअरिंग व्हीलचा व्यास ४३ सेंमी, म्हणजे परीघ सुमारे १३५ सेंमी माना. कडेवर मोजलेला प्ले ५ सेंमी, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना अडीच सेंमी आहे. हा कोन सुमारे ६.७ अंश होतो. स्टिअरिंग २४ अंश फिरवले की चाके १ अंश वळतात असे धरले, तर चाके सुमारे ०.२८ अंश इकडेतिकडे होऊ शकतात. ऐकायला हे नगण्य वाटते. पण आखूड हौद्याच्या सी-१० मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.९२ मीटर आहे. चाके ०.२८ अंश वळलेली राहिली, तर गाडी सुमारे ६०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात जाऊ लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाने ती एका सेकंदात सुमारे ४० सेंमी बाजूला सरकेल. टायरची लवचीकता आपण हिशेबात धरलेली नाही, तरी धोक्याचा अंदाज येतो. समोरून ट्रक येत असताना एक सेकंद फार मोठा असतो.

चाक स्वतःच सरळ का होते?

आता सायकल घ्या. हँडलला हात न लावता सीटला धरून ती पुढे ढकला. पुढचे चाक बरेचसे सरळ राहील. आता ती मागे ओढा. चाक लगेच एका बाजूला वळून जाईल.

याचे कारण हँडलच्या दांड्याच्या कलात आहे. दांडा वरच्या टोकाशी मागे झुकलेला असतो. त्याची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या थोडी पुढे पडते. म्हणजे टेकण्याचा बिंदू वळण्याच्या अक्षामागून फरफटत येतो. चाक तिरपे झाले की जमिनीचे बल त्याला पुन्हा सरळ रेषेत आणते. सायकल मागे ओढली की तोच बिंदू अक्षाच्या पुढे जातो आणि तेच बल चाक आणखी वळवते.

मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो; त्याला ‘कॅस्टर’ म्हणतात. चाकाची त्रिज्या ३५ सेंमी आणि कॅस्टर ४ अंश असेल, तर मागे पडणारे अंतर सुमारे २.५ सेंमी होते. कॅस्टर १ अंश असेल, तर ते जेमतेम ०.६ सेंमी उरते. सरळ करणारा जोरही त्याच प्रमाणात घटतो.

हा कॅस्टर नकळत हरवतो. पुष्कळ हौशी लोक गाडी रुबाबदार दिसावी म्हणून तिचा मागचा भाग उंच करतात. सी-१० चा मागचा भाग ५ सेंमी उचलला, की सगळी गाडी सुमारे १ अंश पुढे झुकते आणि कॅस्टर तेवढाच कमी होतो. १९५३ ते १९५६ च्या एफ-१०० ला पुढे पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेला अखंड अ‍ॅक्सल होता. अशा गाडीत पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये निमुळती पाचर घालून कॅस्टर परत मिळवता येतो.

स्क्रू आवळल्याने काय होते?

सी-१० च्या स्टिअरिंग पेटीत एक आटेदार दांडा असतो. त्यावर एक नट सरकतो आणि दोघांच्या मधल्या खाचेत पोलादी गोळ्या फिरतात. नटाच्या बाहेरचे दाते दुसऱ्या एका दातेरी चाकाच्या तुकड्यात अडकतात. गाडी सरळ जात असताना हे दाते सर्वांत घट्ट बसावेत, अशी त्यांची रचना असते. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, म्हणून झीजही मध्यावरच जास्त होते. स्क्रू आवळून मध्यावरचा प्ले काढला, तर न झिजलेल्या बाजूच्या भागात दाते अडकू लागतात. ऐन वळणावर स्टिअरिंग अडकणे जिवावर बेतू शकते.

दुसरे नुकसान घर्षणाचे. कॅस्टरचा जोर मुळातच थोडा असतो. पेटीतले घर्षण त्याहून मोठे झाले, की चाके सरळ होतच नाहीत. सोडली तिथेच राहतात. प्ले गेला, पण भरकटणे वाढले.

तपासणीचा क्रम

सुरुवात जमिनीपासून करावी. आधी टायरमधली हवा आणि झीज पाहावी. मग गाडी भक्कम स्टँडवर उचलून चाक वर-खाली धरून हलवावे. बेअरिंग किंवा चाकाचे सांधे सैल असतील तर कळते.

पुढची परीक्षा दोघांनी करायची. गाडी जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग व्हील थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने पेटीपासून चाकापर्यंतचा एकेक सांधा पाहावा. एका बाजूचा भाग हलतो आणि दुसऱ्या बाजूचा हलत नाही, असा सांधा दिसला की दोष सापडला. पेटी चासीला जिथे बोल्टने आवळलेली असते, ती जागाही पाहायला हवी. कधी कधी पेटीच हलत असते. प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर ढिलाई असली, तरी सगळ्यांची बेरीज मोठी होते.

झिजलेले सांधे बदलल्यावर कॅस्टर आणि चाकांची समांतरता जुळवून घ्यावी. पेटीचा स्क्रू त्यानंतर. तोही अंदाजाने आवळायचा नाही. पेटी बाकीच्या दांड्यांपासून सोडवून, शाळेत असतो तसा स्प्रिंगकाटा व्हीलच्या कडेला लावतात आणि ते फिरवायला किती बल लागते ते मोजतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याशी ते जुळले पाहिजे.

प्रयोगशाळेत एखादे उपकरण चुकीचे आकडे दाखवू लागले, की आम्हीही याच वाटेने जातो. हाताशी असलेली खुंटी पिळण्याआधी संदेश कुठे हरवतो ते शोधतो. विद्यार्थ्यांना दोन प्रश्न देता येतील. पिकअपच्या हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलमागे जड माल ठेवला, तर कॅस्टर वाढेल की घटेल? आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी झाल्याने स्टिअरिंगवर काय परिणाम होईल? दोन्ही उत्तरे एकत्र ठेवून त्यांनी वाद घालावा.