इंजिन उघडल्यावर वाढणारी मजुरी : हिशोब आधी कसा करायचा?

ग्वाल्हेरला यंत्रांचं वेड नवं नाही. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर धावणारी चांदीची आगगाडी आपण पाहुण्यांना हौसेनं दाखवतो. 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावानं गाजलेली रोल्स-रॉइस शतकापूर्वी माधवराव महाराजांनी घेतली होती. महाराजांना वर्कशॉपच्या बिलाची काळजी नसावी. आपल्याला ती असते!

आज आपल्या घरांतली तरुण मंडळी पगारातून पैसे साठवून जुनी स्पोर्ट्स कार घेऊ लागली आहेत. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिथल्या जुन्या गाड्या बाहेरच्या शहरांत स्वस्तात मिळतात. गाडी स्वस्त मिळाली, तरी तिचं इंजिन स्वस्त होत नाही. खरा धक्का बसतो तो इंजिन खोलल्यावर. "साहेब, आत अजून काम निघालंय," असा फोन येतो. गाडी सुटी होऊन पडलेली असते आणि नाही म्हणण्याची सोय उरलेली नसते. म्हणून हा हिशोब गाडी आत जाण्याआधीच समजून घ्यायला हवा.

मजुरी ठरते कशी?

हिशोब सोपा आहे : कामाचे तास गुणिले तासाचा दर. प्रत्येक कामाला साधारण किती तास लागावेत, याचे तक्ते गाड्यांच्या कंपन्या तयार करतात. अधिकृत वर्कशॉप बहुधा त्या तक्त्यानुसार पैसे लावतं. मग मिस्त्रीनं काम लवकर उरकलं काय किंवा त्याला जास्त वेळ लागला काय, बिल तेच राहतं. बाहेरचा मिस्त्री बहुतेक वेळा 'हेड उतरवायचे इतके, फुल इंजिनचे इतके' असा उक्ता भाव सांगतो. त्यालाही विचारा, "यात किती दिवसांचं काम धरलंय?" दोन ठिकाणांची तुलना त्यामुळेच करता येते.

स्पोर्ट्स कारमध्ये तास वाढतात, कारण जागा अडचणीची असते. इंजिन कधी सीटच्या मागे, कधी पार मागच्या चाकांपाशी. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. बेल्टची किंमत त्या मजुरीपुढे किरकोळ वाटते.

जास्तीचं काम तीन प्रकारचं

पहिलं, वाटेत येणारं काम. पोर्शच्या १९९७ ते २००८ या काळातल्या अनेक बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांत आयएमएस नावाचं एक बेअरिंग निकामी होण्याची भीती असते. ते बिघडलं तर इंजिन जातं. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथं हात पोहोचत नाही आणि क्लच बदलतानाही गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. समजा, क्लचला १० तास, बेअरिंगला वरचे ३ आणि तिथल्याच ऑइल सीलला १ तास लागतो. दर तासाला १,५०० रुपये धरू. एकत्र काम १४ तासांचं, म्हणजे २१,००० रुपयांचं. तीन वेळा वेगवेगळं करून घेतलं तर १०, १३ आणि ११ मिळून ३४ तास, म्हणजे ५१,००० रुपये. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, पण रीत खरी आहे : उतरवण्या-चढवण्याचे तास एकदाच धरायचे. एकाच बिलात ते दोनदा दिसले, तर शांतपणे विचारा.

दुसरं, खोलल्यावरच कळणारं काम. हेड वाकलं आहे का, व्हॉल्व्ह सीट खराब आहे का, सिलिंडरला ओरखडे आहेत का, हे बाहेरून नक्की सांगता येत नाही. यासाठी दोन टप्प्यांत अंदाज मागा. आधी फक्त खोलून तपासण्याची मजुरी ठरवा. तपासणीनंतर फोटोंसह दुसरा अंदाज घ्या. फेसिंग, बोअरिंग यांसारखी कामं बाहेरच्या मशीन शॉपमध्ये जातात आणि त्यांचा भाव नगावर असतो, म्हणून त्यांची ओळ वेगळी लिहून घ्या.

तिसरं, नशिबाचं काम. जुना बोल्ट गंजून तुटतो आणि तो काढण्यात अख्खी दुपार जाते. यात मिस्त्रीचा दोष नसतो. अशा कामासाठी आधीच मर्यादा ठरवा : "इतक्या तासांपर्यंत करा, त्यापुढे मला विचारा."

कागद आणि कायदा

मंजुरी तोंडी देऊ नका, मोबाइलवर लिखित संदेश पाठवा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्यानं आपल्या वस्तूवर मेहनत केली त्याला ठरलेली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क असतो, जोवर वेगळा करार झालेला नाही. म्हणजे वर्कशॉप गाडी अडवू शकतं. नेमकं कोणतं काम सांगितलं होतं, हे सिद्ध करायला तो संदेशच उपयोगी पडतो. तक्रारच करायची वेळ आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

अंदाजात जीएसटी धरलाय का, तेही पाहा. मजुरीवर १८ टक्के लागतो, म्हणजे वरचे २१,००० रुपये २४,७८० होतात. आणि विम्यावर फार विसंबू नका. झिजून बिघडलेलं इंजिन साध्या मोटार विम्यात येत नाही.

थांबायचं कुठे?

सर्वांत अवघड प्रश्न हाच. "एवढे घातलेत, आता आणखी थोडे," असं करत माणूस गाडीच्या किमतीपलीकडे जातो. म्हणून इंजिन खोलण्याआधी घरच्यांसोबत बसून एक आकडा ठरवा. त्यापुढे गेल्यास गाडी तशीच विकायची की दुसरं इंजिन बसवायचं, हेही आधीच बोला. दुसरं इंजिन बसवलं तर त्याचा क्रमांक आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो.

एक मात्र जपा. घासाघीस करून तास कमी करायला लावले, तर मिस्त्री घाईत काम उरकतो. गॅस्केट नीट बसलं नाही की तीच मजुरी पुन्हा भरावी लागते. चांगल्या हाताला त्याचे तास पूर्ण द्या. फक्त ते एकदाच मोजले आहेत ना आणि आपल्याला विचारून वाढवले आहेत ना, एवढं बघा.